अणुभट्टी केंद्राची, माणसे कोणाची?

छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किरणोपचारासाठी येणारा रुग्ण बहुधा मराठवाड्यातील एखाद्या खेड्यातला असतो. हिंगोली, परभणी, बीड, जालना येथून माणसे येतात. खानदेशातून आणि विदर्भाच्या सीमेवरूनही येतात. ज्या खोलीत रुग्णाला यंत्राखाली निजवले जाते तिच्या दारावर किरणोत्साराची तीन पाकळ्यांची परिचित खूण असते. रुग्णालय राज्य सरकारचे, डॉक्टर आणि परिचारिका राज्याच्या सेवेतील, समोरचा रस्ता महानगरपालिकेचा. परंतु त्या खोलीच्या भिंती किती जाड असाव्यात, यंत्र कोणाच्या हाती असावे, सुरक्षा अधिकारी म्हणून कोणास मान्यता द्यावी, हे ठरविण्याचा अधिकार मुंबईच्या अणुशक्तीनगरातील अणुऊर्जा नियामक मंडळाचा, म्हणजेच केंद्राचा. राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी मनात आणले तरी त्या भिंतीची जाडी ते इंचभरही कमी करू शकत नाहीत. एका छपराखाली अशा दोन सत्ता नांदतात आणि उपचार सुखेनैव चालू राहतात. रुग्णाला याची गंधवार्ताही नसते, आणि असण्याचे कारणही नाही.

हीच व्यवस्था एका खोलीवरून अणुवीज केंद्राएवढी विस्तारली की मात्र वादाला तोंड फुटते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा अणुऊर्जेचा नवा कायदा संमत केला. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा अणुहानी नागरी दायित्व कायदा यांची जागा या एका कायद्याने घेतली. खासगी उद्योगांना वीजनिर्मितीचे दार उघडले, आणि १९८३ पासून निव्वळ शासकीय आदेशाच्या आधारावर चालत आलेल्या नियामक मंडळाला प्रथमच वैधानिक दर्जा मिळाला. या बदलाबरोबर एक जुनी मागणी पुन्हा डोके वर काढील यात शंका नाही. राज्याच्या भूमीवर अणुभट्टी उभी राहणार असेल तर तिच्या सुरक्षेबाबत निर्णय देण्याचा, प्रसंगी नकार देण्याचा अधिकार राज्याला हवा, असे म्हणणारा एक वर्ग या देशात आहे. त्याला उत्तर देणाऱ्यांचा दुसरा वर्गही तयारच असतो. विषय केंद्र सूचीत आहे, चर्चा संपली, एवढेच त्याचे उत्तर!

वास्तविक या दोन्ही पक्षांनी राज्यघटना अर्धीच वाचलेली आहे.

घटनेच्या सातव्या परिशिष्टात केंद्र सूचीतील सहावी नोंद अणुऊर्जा आणि तिच्या निर्मितीसाठी लागणाऱ्या खनिजांची आहे. याविषयी संदिग्धता नाही. परंतु अणुभट्टी अंतराळात तरंगत नाही. तिला जमीन लागते. जमीन राज्य सूचीत आहे. तिला अहोरात्र पाणी लागते; पाणी राज्य सूचीत आहे. तिच्याभोवती माणसे राहतात. त्यांचे आरोग्य, त्यांच्या गावातील सुव्यवस्था, त्यांच्यासाठी असलेले पोलीस हे सर्व राज्य सूचीत आहे. वीज समावर्ती सूचीत, म्हणजे दोघांच्याही कक्षेत. अणूचे विखंडन केंद्राच्या हाती, आणि त्या अणूभोवतीचे जवळजवळ सारे जग राज्याच्या हाती, अशी ही विभागणी आहे. ती अपघाताने झालेली नाही आणि ती मोडण्याचीही गरज नाही. गरज आहे ती ज्याने त्याने आपले काम करण्याची.

सुरक्षेचे मानक देशभर एकच का असावे, याचे उत्तर शोधण्यासाठी फार लांब जावयास नको. कैगा येथील अणुवीज केंद्र कर्नाटकात, कारवार तालुक्यात आहे. गोव्याची सीमा तेथून जवळ आहे. कर्नाटकाने आपल्या सोयीने सुरक्षेची मापे सैल केली तर गोव्याने कोणाकडे दाद मागावी? तारापूर महाराष्ट्रात आहे. त्याच्या उत्तरेला थोड्याच अंतरावर गुजरात सुरू होतो. वारा सीमेवरील जकात नाक्यावर थांबत नाही. शिवाय अणुऊर्जेचा प्रश्न वीजनिर्मितीपुरता कधीच नव्हता. मे १९९८ मध्ये पोखरणच्या वाळवंटात जे घडले आणि त्यानंतर जगाने भारताभोवती जे निर्बंध आवळले, त्यांना तोंड देण्याचे काम कोणत्याही एका राज्याच्या आवाक्यातले नव्हते. सप्टेंबर २००८ मध्ये अणुपुरवठादार गटाने भारतास सवलत दिली ती भारत या राष्ट्राला. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक येतात ते भारत सरकारने केलेल्या करारानुसार. अणुसुरक्षाविषयक आंतरराष्ट्रीय करारास भारताने २००५ मध्ये मान्यता दिली; त्यातील वचने पाळण्याची जबाबदारी दिल्लीची आहे, मंत्रालयाची नव्हे. अट्ठावीस राज्यांची अट्ठावीस सुरक्षा मानके असलेल्या देशाशी युरेनियमचा व्यवहार कोण करील?

राज्य म्हणजे कोण?

राज्यांना नकाराधिकार द्या, या मागणीमागे एक गृहीत आहे. राज्य सरकार लोकांच्या अधिक जवळ असते, म्हणून ते लोकांच्या सुरक्षेची अधिक काळजी घेईल, हे ते गृहीत. ऐकावयास ते गोड आहे. मराठवाड्यातील माणसाने मात्र त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, एवढा अनुभव त्याच्या गाठीशी निश्चित आहे.

प्रादेशिक असमतोल मोजणाऱ्या दांडेकर समितीचा अहवाल १९८४ मध्ये आला. त्याने मराठवाड्याचा अनुशेष आकड्यांत मांडला. तो दूर व्हावा म्हणून घटनेच्या ३७१ (२) कलमान्वये १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली, तेव्हा त्या दिवशी मुंबईत फारशी खळबळ उडाल्याचे कोणास स्मरत नसेल. जायकवाडीचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ चा. समन्यायी पाणीवाटपाचे तत्त्व त्यात स्वच्छ लिहिलेले. तरीही नाशिक आणि अहिल्यानगरच्या धरणांतून हक्काचे पाणी पैठणपर्यंत यावे यासाठी प्राधिकरणाचा २०१४ चा आदेश आणि उच्च न्यायालयाचा २०१६ चा निकाल यावा लागला. त्यानंतरही पाऊस कमी पडलेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास तोच कलगीतुरा रंगतो. २०२३ मध्येही रंगला. राज्याच्याच कायद्याखालील, राज्याच्याच नदीतील, राज्याच्याच दोन प्रदेशांमधील पाण्याचे नियमन ज्या व्यवस्थेला निर्वेधपणे करता येत नाही, तिच्या हाती अणुभट्टीच्या शीतकरण यंत्रणेची तपासणी द्यावयाची काय?

विजेच्या क्षेत्रात राज्याने स्वतंत्रपणे घेतलेल्या सर्वांत मोठ्या निर्णयाची कथा गुहागर तालुक्यात दाभोळच्या खाडीकाठी उभी आहे. १९९२ मध्ये एन्रॉनशी सामंजस्य करार झाला. १९९५ मध्ये युती सरकारने प्रकल्प रद्द केला आणि वाटाघाटी करून पुढे पुन्हा मान्यही केला. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला तेव्हा राज्य वीज मंडळाचे कंबरडे मोडण्याची वेळ आली होती. या प्रकरणातून कोणताही पक्ष हात झटकून बाहेर पडू शकत नाही. करार वीज खरेदीचा होता, किरणोत्साराचा नव्हता, म्हणून नुकसान पैशांवर भागले, एवढेच समाधान.

अधिकार होता, तेव्हा काय केले?

राज्यांना अधिकार नाहीत, हे म्हणणेही खरे नाही. राज्यांच्या हाती असलेल्या अधिकारांनी या देशात अणुप्रकल्प थांबले आहेत. पश्चिम बंगालमधील हरिपूर येथे रशियन बनावटीच्या अणुभट्ट्या व्हावयाच्या होत्या. २०११ मध्ये तृणमूल काँग्रेसचे सरकार आले आणि हरिपूर संपले. संसदेत कायदा बदलावा लागला नाही. राज्य जमीन देणार नाही म्हटल्यावर प्रश्नच मिटला.

कुडनकुलमची कथा याहून उद्बोधक आहे. २२ सप्टेंबर २०११ रोजी तमिळनाडूच्या मंत्रिमंडळाने ठराव केला की, लोकांच्या मनातील भीती दूर होईपर्यंत प्रकल्पाचे काम थांबवावे. १९ मार्च २०१२ रोजी त्याच मंत्रिमंडळाने हिरवा कंदील दाखविला. मधल्या सहा महिन्यांत अणुभट्टीच्या रचनेत कोणता मूलगामी बदल झाला होता? राज्यात विजेची भीषण टंचाई होती आणि एक पोटनिवडणूक पार पडली होती. सुरक्षेचा प्रश्न खरा असेल तर तो सहा महिन्यांत विरघळत नाही. खोटा असेल तर तो उपस्थित करून हजारो कोळी कुटुंबांना उन्हात बसविण्याचे पाप कोणाचे? अखेरीस ६ मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रकल्पाच्या बाजूने निर्णय दिला, आणि सुरक्षेसंबंधी पंधरा निर्देशही दिले.

आता महाराष्ट्राकडे वळले पाहिजे. राजापूर तालुक्यातील माडबन पठारावर, एका बाजूस अरबी समुद्र आणि दोन बाजूंस खाड्या अशा जागी, जैतापूर प्रकल्पाची आखणी झाली. प्रत्येकी १६५० मेगावॅटच्या सहा फ्रेंच अणुभट्ट्या, एकूण ९९०० मेगावॅट. सुमारे ९३८ हेक्टर जमीन. २८ नोव्हेंबर २०१० रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने पस्तीस अटी घालून मंजुरी दिली आणि आठवड्याभरात फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांच्या उपस्थितीत करार झाले. अणुभट्टीची निवड केंद्राची, करार केंद्राचा. पण जमीन संपादन करणारे प्रांताधिकारी राज्याचे होते. १८९४ च्या इंग्रजी कायद्याखाली संपादन झाले. बहुसंख्य खातेदारांनी धनादेश नाकारले. त्यांच्या आंबा-काजूच्या कातळाची किंमत सरकारी दफ्तरात 'पडीक' म्हणून लागली होती, आणि पडीक या शब्दाने कोकणी माणसाला जितका संताप येतो तितका अणु या शब्दाने येत नाही. १८ एप्रिल २०११ रोजी साखरी नाटे येथे आंदोलकांवर गोळीबार झाला व एका मच्छीमाराचा बळी गेला. गोळी झाडणारे पोलीस राज्याचे होते. त्या वेळचे मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण हे काही महिन्यांपूर्वीपर्यंत पंतप्रधान कार्यालयात राज्यमंत्री होते आणि अणुदायित्वाचे विधेयक त्यांनीच लोकसभेत मांडले होते. केंद्र आणि राज्य यांच्यातील समन्वयासाठी याहून अनुकूल योग शोधूनही सापडला नसता! तरीही नुकसानभरपाई हेक्टरी साडेबावीस लाखांपर्यंत वाढविण्याचा निर्णय व्हावयास २०१३ साल उजाडले. जी रक्कम माणूस मरण्यापूर्वी देता आली असती, ती तो मेल्यानंतर दोन वर्षांनी मान्य झाली.

विरोधकांचे वर्तन तरी काय होते? शिवसेनेने जैतापूरला विरोध केला आणि केंद्रात व राज्यात सत्तेत वाटा मिळाल्यावरही तो सोडला नाही. लोकांच्या बाजूने उभे राहण्यात काहीच वावगे नाही. पण ज्या पक्षाचे मंत्री मंत्रिमंडळात बसतात त्याने मोर्चाऐवजी फाईल हाती घेणे अपेक्षित असते. मार्च २०१९ मध्ये त्याच राजापूर तालुक्यातील नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाची भूसंपादनाची अधिसूचना राज्याने रद्द केली, तेव्हा जमिनीच्या अधिकाराची ताकद किती असते हे सर्वांनी पाहिले. त्याच अधिकाराचा वापर करून माडबनच्या गावांसाठी रस्ता, रुग्णालय, मासळी उतरविण्याची सोय, मुलांना नोकरीची हमी यांपैकी काय लिहून घेतले गेले? लिहून घेतले असते तर विरोधाचे भांडवल संपले असते, हे त्याचे अप्रिय उत्तर आहे. जैतापूरची वीज आजतागायत एका घरातही पोहोचलेली नाही आणि गावकऱ्यांचे आयुष्य मात्र वीस वर्षे टांगणीला लागले आहे.

तारापूरचा अनुभव तर राज्याच्या अधिकाराची दुसरीच बाजू दाखवितो. १९६९ मध्ये तेथील अणुवीज केंद्र सुरू झाले. देशातले ते पहिले. अशा केंद्राभोवती पारंपरिक नियमानुसार तीन वर्तुळे कल्पिलेली असतात. आतल्या सुमारे दीड किलोमीटरच्या वर्तुळात वस्ती नाही. पाच किलोमीटरपर्यंत लोकसंख्येच्या वाढीवर प्रशासनाने लक्ष ठेवावयाचे. सोळा किलोमीटरपर्यंत आपत्कालीन योजना तयार ठेवावयाची. यांपैकी पहिले वर्तुळ केंद्राचे. उरलेली दोन्ही राज्याची. आणि राज्याने काय केले? अणुकेंद्राच्या शेजारी, त्याच सोळा किलोमीटरच्या आत, स्वतःच्या औद्योगिक विकास महामंडळामार्फत रासायनिक कारखान्यांची वसाहत वसविली आणि वाढविली. बोईसर हे गाव फुगून शहर झाले. कारखान्यांतील स्फोटांच्या आणि आगींच्या बातम्या तेथून वारंवार येतात. अणुभट्टीतून एक कणही बाहेर न येता रस्ते अडतील, अशी स्थिती अणुभट्टीने निर्माण केलेली नाही. नव्या अणुभट्ट्यांसाठी उठविलेल्या अक्करपट्टी आणि पोफरण या गावांच्या पुनर्वसनाचे गाऱ्हाणे उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे घुमत राहिले, ते निराळेच.

शोरहॅमचा धडा

अमेरिकेत संघराज्य पद्धत आपल्याहून सैल आहे. तेथेही अणुभट्टीच्या किरणोत्सार सुरक्षेचा अधिकार राज्यांना नाही. तो संघ सरकारच्या नियामक आयोगाचाच आहे. कॅलिफोर्नियाने १९७६ मध्ये नव्या अणुभट्ट्यांना स्थगिती देणारा कायदा केला. १९८३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला, पण कारण बारकाईने पाहण्यासारखे आहे. किरणोत्साराची सुरक्षा हा विषय संघाचा, तेथे राज्याने शिरू नये. मात्र वीज परवडेल की नाही, याचा आर्थिक विचार राज्य करू शकते, असे न्यायालयाने म्हटले. रुग्णालयांतील आणि कारखान्यांतील किरणस्रोत यांचे नियमन मात्र १९५९ च्या दुरुस्तीनुसार करार करून राज्यांकडे देता येते आणि तीन डझनांहून अधिक राज्यांनी ते स्वीकारले आहे.

तरीही राज्याच्या हाती खरा हुकमाचा पत्ता कोणता असतो, हे न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटावर दिसले. तेथे शोरहॅम येथे अणुवीज केंद्र बांधून पूर्ण झाले. १९८३ मध्ये स्थानिक सफक परगण्याने ठराव केला की, अपघात झाल्यास या बेटावरील लोकांना सुरक्षित हलविणे शक्य नाही, सबब स्थलांतराच्या योजनेत परगणा सहभागी होणार नाही. लांबट बेट, गाडीने बाहेर पडावयाचे तर न्यूयॉर्क शहराच्या दिशेनेच जावे लागणार. आक्षेप निराधार नव्हता. राज्याचे गव्हर्नर मारियो कुओमो परगण्याच्या पाठीशी उभे राहिले. संघीय आयोगाने १९८९ मध्ये परवाना दिला, तोवर केंद्र बंद करण्याचे ठरून चुकले होते. सुमारे सहा अब्ज डॉलर खर्चून उभारलेले केंद्र अल्पशा चाचणीपलीकडे कधी चालले नाही आणि तो खर्च बेटावरील वीज ग्राहकांच्या बिलातून वर्षानुवर्षे वसूल होत राहिला.

या उदाहरणाचा उपयोग अणुविरोधक आपल्या बाजूने करतात. त्यातील खरा धडा वेगळा आहे. स्थलांतराची योजना हा कागद परवान्याइतकाच महत्त्वाचा असतो, आणि तो कागद स्थानिक सरकारचा असतो. शोरहॅमच्या परगण्याने निदान तो कागद वाचला, अभ्यासला, आणि केंद्र सुरू होण्यापूर्वी उघडपणे नाही म्हटले. आपल्याकडे तो कागद जिल्हाधिकारी कार्यालयात असतो. आराखड्याचा प्रमुख जिल्हाधिकारी. दर दोन वर्षांनी सराव व्हावा असा नियम. या सरावाची बातमी गावातील किती जणांपर्यंत पोहोचते? आयोडीनच्या गोळ्या कोणत्या आरोग्य केंद्रात आहेत, बसगाड्या कोणत्या आगारातून येणार, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला कोण उचलणार, हे सरपंचाला ठाऊक असते काय? २०११ मध्ये फुकुशिमाच्या परिसरातून दीड लाखाहून अधिक माणसे हलवावी लागली. त्या धावपळीत रुग्णालयांतील अनेक वृद्ध रुग्ण दगावले. त्यांना किरणोत्साराने मारले नाही. त्यांना बस कोठे जाणार हे ठाऊक नसलेल्या प्रशासनाने मारले.

केंद्रानेही आरशात पाहावे

राज्यांना खडसावल्यावर केंद्राला मोकळे सोडणे अप्रामाणिकपणाचे होईल. अणुऊर्जा नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झाले. त्याने ज्याच्यावर देखरेख ठेवावयाची तो अणुऊर्जा विभाग. त्या विभागाचा सचिव हाच अणुऊर्जा आयोगाचा अध्यक्ष. आणि मंडळाने अहवाल द्यावयाचा तो त्याच आयोगाला. पंचाने संघाच्या कर्णधाराकडून वेतन घ्यावे, तसा हा प्रकार. १९९३ ते १९९६ या काळात मंडळाचे अध्यक्ष असलेले डॉ. ए. गोपालकृष्णन यांनी निवृत्तीनंतर स्वतंत्र नियामकासाठी जाहीरपणे आवाज उठविला. २०११ मध्ये नव्या प्राधिकरणाचे विधेयक संसदेत आले आणि २०१४ मध्ये लोकसभेच्या मुदतीबरोबर गतप्राण झाले. २०१२ मध्ये महालेखापरीक्षकांनी मंडळाच्या कारभारावर कठोर अहवाल दिला. देशातील वैद्यकीय क्ष-किरण यंत्रांपैकी बहुतांश यंत्रे नोंदणीविनाच चालत असल्याचे त्यात आढळले. जपानमधील संसदीय चौकशी समितीनेही फुकुशिमाचे मूळ, नियामक आणि ज्यांचे नियमन करावयाचे ते यांच्यातील संगनमतात शोधले होते, याचा विसर पडू नये.

नव्या कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा दिला, हे योग्यच झाले. परंतु कायद्यात नाव आल्याने पाठीला कणा फुटत नाही. आता तर खासगी उद्योगही अणुभट्ट्या चालविणार आहेत. सदोष यंत्रसामग्री पुरविणाऱ्या कंपनीकडून भरपाई वसूल करण्याची तरतूद २०१० मध्ये भारतीय जनता पक्षाने विरोधी बाकांवरून आग्रह धरून कायद्यात आणविली होती. ती तरतूद नव्या कायद्यातून गेली. परदेशी पुरवठादार तिच्यामुळे येत नव्हते, हे कारण समजण्यासारखे आहे. पण मग तिची जागा कडक, निर्भय तपासणीने भरून काढणे हे त्याच पक्षाच्या सरकारचे दुप्पट कर्तव्य ठरते. केंद्राने सुरक्षेचा एकमेव अधिकार स्वतःकडे मागावा, जरूर मागावा, पण मग तपासणीचे अहवाल मराठीत, तालुक्याच्या गावी वाचावयास मिळतील अशी व्यवस्थाही त्यानेच करावी. राष्ट्रहिताच्या नावाखाली गुप्तता शस्त्रांना शोभते, वीज केंद्राच्या पाण्याच्या तापमानाला नव्हे.

क्ष-किरणांच्या बाबतीत राज्यांना वाव होता, तो त्यांनी किती घेतला? किरण सुरक्षा संचालनालये राज्याराज्यांत स्थापन व्हावीत, अशी अपेक्षा २००० च्या दशकापासून आहे. महालेखापरीक्षकांच्या पाहणीपर्यंत ती केवळ केरळ आणि मिझोराम या दोन राज्यांत होती. अधिकार हवेत म्हणून आरडाओरडा करणारी प्रगत राज्ये त्या यादीत नव्हती. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात विद्यापीठाने लिलावात काढलेल्या जुन्या यंत्रातील कोबाल्टने एकाचा जीव घेतला. भंगार बाजारात प्रथम पोहोचतो तो पोलीस ठाण्याचा हवालदार, नियामक मंडळाचा शास्त्रज्ञ नव्हे. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या एखाद्या गोदामात असे काही सापडले तर तेथील हवालदाराने ते ओळखावे कसे, याचे शिक्षण देण्यास कोणत्या सूचीने राज्याला मनाई केली आहे?

मराठवाड्याच्या दारात

हा सारा वाद समुद्रकाठच्या लोकांचा आहे, असे समजून संभाजीनगरकरांनी स्वस्थ बसू नये. शेंद्रा आणि बिडकीन येथे सुमारे दहा हजार एकरांवर उभी राहत असलेली औद्योगिक नगरी, तेथे येऊ घातलेले वाहन उद्योग यांची विजेची भूक मोठी आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी वीस हजार कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. २०४७ पर्यंत एक लाख मेगावॅट अणुविजेचे लक्ष्य ठेवले गेले. अणुवीज महामंडळाने २२० मेगावॅटच्या अणुभट्ट्या उद्योगांच्या स्वतःच्या वापरासाठी उभारण्याचे प्रस्तावही मागविले. महाराष्ट्राच्या महानिर्मिती कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये रशियाच्या रोसाटॉमशी थोरियमवरील लहान अणुभट्टीसाठी सामंजस्य करार केला. अणुभट्टी किनाऱ्यावरच असते, हे समीकरण राजस्थानात रावतभाट्याने आणि उत्तर प्रदेशात नरोऱ्याने फार पूर्वीच मोडलेले आहे.

पण ती मराठवाड्यात यावयाची असेल तर पहिला प्रश्न अणूचा नसेल, पाण्याचा असेल. परळी वैजनाथचे औष्णिक वीज केंद्र २०१३ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. कोळसा होता, यंत्रे होती, कामगार होते, पाणी नव्हते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पिण्याचे पाणी रेल्वेने आणावे लागले. औष्णिक केंद्र बंद केले की ते थंड होते. अणुभट्टी बंद केल्यावरही तिच्या इंधनातील उष्णता दीर्घकाळ निघत राहते आणि तिला पाणी लागतच राहते. फुकुशिमात नेमके येथेच घात झाला. जायकवाडीतील पाण्याचा हिशेब प्रत्येक दुष्काळात नव्याने भांडून ठरवावा लागत असेल तर त्या हिशेबावर कोणता नियामक सही करील? आणि ती हमी दिल्ली देऊ शकत नाही. ती मंत्रालयालाच द्यावी लागेल, कायद्याने, आणि वरच्या धरणांतील साखरसम्राटांची नाराजी पत्करून.

केंद्र आणि राज्य मनावर घेतले तर काय करू शकतात, हेही मराठवाड्यातच दिसते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेचा प्रकल्प अणुऊर्जा विभागाच्याच पुढाकाराने येत आहे. राज्याने जमीन दिली, केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटींची मान्यता दिली. कोणी कोणाचा अधिकार हिरावला नाही.

म्हणून महाराष्ट्राच्या विधिमंडळाने केंद्राकडे सुरक्षेचे नवे अधिकार मागण्यापूर्वी स्वतःच्या हातातील चार गोष्टी पटलावर ठेवाव्यात. तारापूरभोवतीच्या पाच किलोमीटरमध्ये गेल्या पन्नास वर्षांत दिलेल्या बांधकाम परवानग्यांची यादी. पालघर जिल्ह्याच्या आपत्कालीन आराखड्याची आजची प्रत, मराठीत. राज्याच्या किरण सुरक्षा संचालनालयाची स्थिती, पदे आणि निधी यांच्यासह. आणि माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे येथील प्रत्येक खातेदाराला जमिनीच्या मोबदल्यात नेमके काय मिळाले आणि काय मिळावयाचे राहिले, याचा हिशेब.